विचित्र गाड्या आणि फसलेलं इंजिनिअरिंग: दोष कल्पनेचा की किरकोळ भागाचा?

उलटा_गिअर

सरळमार्गी गाड्या मला आवडतात, पण जीव जडतो तो वेगळ्या गाड्यांवर. नाकावर दार असलेली बीएमडब्ल्यू इझेटा. पाण्यात उतरल्यावर पुढच्या चाकांनीच दिशा बदलणारी अँफिकार. हवेवर थंड होणारं व्ही-८ इंजिन पाठीवर घेऊन १९३४ साली रस्त्यावर आलेली टाट्रा ७७. यांच्याबद्दल बोलायला लागलो की समोरचा हमखास म्हणतो, "असले प्रयोग करायला गेले म्हणूनच बुडाले." मला हे पटत नाही. का पटत नाही ते नीट लिहावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा धाडसी कल्पना ठीकच होती. घात केला तो तिच्या शेजारच्या, कुणी फारसं लक्ष न दिलेल्या एखाद्या किरकोळ भागाने. नाव मात्र कल्पनेचं खराब झालं आणि पुढची वीस-तीस वर्षं त्या वाटेला कुणी गेलं नाही.

जर्मनीच्या एनएसयू कंपनीची रो ८० घ्या. १९६७ साली आली. आजही फोटो पाहिला तर साठच्या दशकातली वाटत नाही, इतकी अंगाने सुबक. बॉनेटखाली वांकेल इंजिन, म्हणजे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोल पोकळीत फिरतो, आणि असे दोन रोटर. क्लचचं पेडलही नाही. गिअरच्या मुठीवर हात पडला की क्लच आपोआप सुटायचा. १९६८ ची युरोपियन 'कार ऑफ द इयर' हीच. आणि मग एकामागून एक इंजिनं बसायला लागली.

कारण काय? पिस्टनला रिंगा असतात, तसं रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक सीलची पट्टी असते. ती पोकळीच्या भिंतीला सतत घासत फिरते. ही पट्टी तीन तुकड्यांची होती आणि मधला तुकडा कडेच्या तुकड्यांपेक्षा लवकर झिजायचा. मधला झिजला की काँप्रेशन गेलं. कंपनीने हमीत इंजिनं बदलून दिली, पुन्हा पुन्हा दिली. दोन रो ८० रस्त्यात समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे, आतापर्यंत किती इंजिनं झाली ते, असा किस्सा सांगतात. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली जाऊन ऑडीत विलीन झाली. काही काळाने सील सुधारलंही, पण तोवर गाडीचं नाव गेलं होतं.

आता दुसरी बाजू बघा. जपानच्या माझदाने हेच इंजिन एनएसयूकडूनच परवाना घेऊन आणलं होतं. अडचणही तीच: पोकळीच्या भिंतीवर आडव्या लाटा उमटायच्या, त्याला तिथले लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा चमू निव्वळ याच इंजिनामागे लागला. पट्टीचं साहित्य बदलत बदलत ते कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणापर्यंत पोचले, आणि १९६७ मध्येच त्यांची कॉस्मो बाजारात आली. १९९१ मध्ये माझदा ७८७बी ने चार रोटरच्या इंजिनावर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तत्त्व तेच, आकार तोच. एका कंपनीचा बळी आणि दुसरीचा मान, यांत फरक त्या पट्टीचा.

शेवरले कॉर्व्हेअरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत सगळे पुढे जडशीळ इंजिन टाकत असताना जनरल मोटर्सने १९६० च्या मॉडेलला मागे, हवेवर थंड होणारं, ॲल्युमिनियमचं सहा सिलिंडरचं इंजिन दिलं. मागची ॲक्सल स्विंग प्रकारची, म्हणजे फक्त आतल्या टोकाला सांधा. जोरात वळण घेतलं की बाहेरचं चाक गाडीखाली मुडपायचं, मागचा भाग उचलला जायचा आणि गाडी गरकन फिरायची. यावर कंपनीचा उपाय काय, तर टायरमधली हवा. पुढे १५ पौंड, मागे २६. एवढा फरक राखला तर गाडी सरळ वागायची. पण पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखीच हवा भरली जाणार, हे उघड होतं! गाडीची सुरक्षितता हवा भरणाऱ्या माणसावर सोडणं हे माझ्या मते इंजिनिअरिंग नव्हे, जबाबदारी ढकलणं आहे. १९६४ ला पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि मागे आडवा पाटा आला, १९६५ ला मागचं सस्पेन्शनच नवं आलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांचं पुस्तक आलं, ज्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. गाडी सुधारली त्याच वर्षी तिची अब्रू गेली. नेडरांनी जे केलं ते गरजेचंच होतं, त्या सगळ्या खळबळीतून १९६६ चा वाहन सुरक्षा कायदा आला. पण "इंजिन मागे म्हणून धोका" हा जो समज पसरला तो खरा नाही. पोर्शे ९११ चं इंजिन आजही मागेच आहे.

दोन उदाहरणं थोडक्यात. कॅडिलॅकने १९८१ मध्ये गरजेनुसार आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं इंजिन आणलं. तेव्हाचा कॉम्प्युटर इतका मंद की गाडी गचके खायची. लोक डीलरकडे जाऊन वायरच काढून घ्यायचे. आज आपल्याकडे स्कोडा-फोक्सवॅगनच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनात चारपैकी दोन सिलिंडर बंद होतात आणि चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. दुसरं ओल्ड्समोबिलचं १९७८ चं ५.७ लिटर डिझेल. ब्लॉक मजबूत केला, पण पेट्रोल इंजिनाचीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून हेडच्या बोल्टांची मांडणी जुनीच ठेवली. डिझेलच्या काँप्रेशनपुढे बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट उडायचं. त्यात डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टरच दिला नाही. अमेरिकेतला सामान्य गाडीवाला त्यानंतर डिझेल कारच्या वाऱ्याला उभा राहीना.

तुमच्या माहितीतल्या अशा गाड्या लिहा. आपल्याकडच्या असतील तर आधी त्याच लिहा.

भोसरी_टूलरूम

लेख मनापासून आवडला. माझा सगळा जन्म टूलरूममध्ये गेला, त्यामुळे "किरकोळ भाग" हा शब्द आमच्यात कुणी वापरत नाही. तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मी देतो. त्यात तर गाडी विचित्रही नव्हती.

जनरल मोटर्सच्या शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांत किल्लीच्या स्विचमध्ये एक बारका खटका आणि स्प्रिंग असते. किल्ली 'रन'वर अडवून धरणं एवढंच तिचं काम. तो खटका ठरलेल्या मापापेक्षा हलका बसला. किल्लीला जड जुडगा लटकत असेल, नाहीतर गुडघ्याचा धक्का लागला, तर किल्ली 'ॲक्सेसरी'वर घसरायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद.

पण मला याच्याही पुढची गोष्ट झोंबते. पुढे कंपनीत खटका लांब करून स्विच सुधारलं गेलं, पण पार्ट नंबर तोच ठेवला. म्हणजे कागदावर जुनं आणि नवं स्विच एकच. अपघातांचा तपास करणाऱ्यांना काही वर्षांच्या गाड्यांत दोष सापडतो आणि नंतरच्या गाड्यांत सापडत नाही, याचा उलगडाच होईना. शेवटी एका खटल्यातल्या तज्ज्ञाने नवं स्विच विकत आणून जुन्याशेजारी उघडलं, तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. २०१४ मध्ये या दोषापायी २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्या भरपाई निधीनेच १२४ मृत्यू ग्राह्य धरले.

आमच्याकडे नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवायचो: माप अर्धा मिलिमीटरने बदललं तरी ड्रॉइंगवर रेव्हिजन टाका, तारीख टाका, सही करा. पार्ट चुकला तर दुरुस्त होतो. नोंद लपली की माणसं मरतात.

चाकण_पेंटशॉप

काका, रेव्हिजनचं शंभर टक्के खरं.

मी शेवरले व्हेगाबद्दल लिहिते. १९७० मध्ये आली. या गाडीबद्दल लोक नेहमी इंजिनाचं बोलतात: ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा ब्लॉक, आत लोखंडी लायनर नाहीत, वर हेड मात्र बिडाचं. गाडी तापली की काम तमाम. पण मी पेंट शॉपमध्ये असल्यामुळे मला तिच्या गंजाची गोष्ट जास्त कळते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठल्याही गाडीचा उघडा सांगाडा रंगाआधी एका मोठ्या टाकीत पूर्ण बुडवतात. विजेच्या दाबाने गंजरोधक थर पत्र्यावर बसतो, आम्ही त्याला ईडी कोट म्हणतो. द्रव प्रत्येक कोपऱ्यात पोचला पाहिजे, आणि त्यासाठी कोपऱ्यातली हवा बाहेर निघाली पाहिजे. म्हणून पत्र्याला ठिकठिकाणी भोकं ठेवलेली असतात. नंतर त्यांत रबरी बूच बसतात. तुमच्या गाडीचं कार्पेट उचललंत तर ती गोल काळी बुचं दिसतील. व्हेगाच्या पुढच्या मडगार्डांत, अगदी वरच्या बाजूला, टाकीत बुडताना हवेचा फुगा अडकून राहायचा. फुगा होता तिथे थर बसलाच नाही. मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवर ती मडगार्डं आतून कुजून वरती भोकं पडली. एका अडकलेल्या फुग्याची किंमत म्हणून कंपनीने हजारो गाड्यांची मडगार्डं बदलून दिली.

आणि याच गाडीची एक गोष्ट मला भयंकर आवडते. रेल्वेने पाठवताना व्हेगा उभी लटकवायचे, नाक खाली करून! साध्या डब्यात अठरा मावायच्या तिथे तीस मावल्या. गाडी उभी केली तरी तेल सांडू नये म्हणून इंजिनात आडोसा दिला, बॅटरीची झाकणं मागच्या कडेला घेतली, काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी बसवली. एवढा बारीक विचार करणारी माणसं त्याच कंपनीत होती. त्यातलं कुणी पेंटच्या टाकीपाशी उभं असतं तर?

नॅशव्हिलकर

चर्चा छान, पण मला अर्धंच पटतंय. काही वेळा कल्पनाच चुकीची असते आणि ते म्हणायला कचरू नये.

आमच्या गावात लेन मोटर म्युझियम आहे, वेगळ्या गाड्यांचं. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. तिथे बकमिन्स्टर फुलर यांच्या १९३३ च्या डायमॅक्सियन गाडीची हुबेहूब प्रतिकृती आहे. थेंबाच्या आकाराची लांबलचक गाडी, पुढे दोन चाकं, मागे एक. ओढतात पुढची आणि वळतं मागचं. जवळजवळ स्वतःच्याच लांबीत गोल फिरते, पाहताना मजा वाटते. पण वेगात असताना मागच्या चाकाने वळवणं म्हणजे गाडीचं ढुंगण आधी बाहेर जाणार, मग नाक फिरणार. वाऱ्याच्या झोतात ती भरकटायची. त्याच वर्षी शिकागोत पहिल्या गाडीला अपघात होऊन चालक गेला. त्या अपघातात दुसऱ्या कुणाची तरी मोटारही गुंतली होती हे खरं, पण ते धरूनही सांगतो, इथे कुठली पट्टी किंवा स्प्रिंग बदलून भागलं नसतं.

तसंच मर्सिडीज ए-क्लासचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या 'टेक्निकेन्स वार्ल्ड' मासिकाच्या चाचणीत, समोर आडवं आलेलं जनावर चुकवावं तशी डावी-उजवी वळणं घेताना, नवीकोरी ए-क्लास उलटली. उंच आणि आखूड गाडी. हा तर सरळ मूळ रचनेचा प्रश्न झाला ना?

उलटा_गिअर

नॅशव्हिलकर, डायमॅक्सियनबद्दल सहमत. फोर्कलिफ्टला मागचं स्टिअरिंग शोभतं कारण ती हळू चालते.

ए-क्लासबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ती उंच का होती? मजल्याखाली दुसरा मजला होता म्हणून. समोरून धडक बसली तर इंजिन माणसांच्या पायांत न घुसता तिरकं त्या मजल्याखाली सरकावं, ही योजना. एवढ्याशा गाडीत मोठ्या गाडीची सुरक्षितता द्यायची ही कल्पना मला थोर वाटते. कमी पडलं ते सस्पेन्शन आणि टायर. मर्सिडीजने गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी दिलं, म्हणजे घसरायला लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा. तोवर ही यंत्रणा महागड्या गाड्यांची मिजास होती. ती छोट्या गाडीत आली ती या उलटण्यामुळे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. फसगतीचा इतका चांगला शेवट मला दुसरा आठवत नाही.

वरुणराजा

आपल्याकडचं कुणीच लिहीना म्हणून मी. बंगळुरूच्या सनराइज कंपनीची 'बादल' कुणाला आठवते? सत्तरच्या दशकातली, तीन चाकी, फायबरची, मागे दोन-स्ट्रोक इंजिन. त्याच लोकांनी नंतर सिपानी नावाने 'डॉल्फिन' आणली. ती ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, ८४८ सीसीची. हलकी असल्यामुळे शर्यतींत आणि रॅलीत चांगली धावायची. पण आपल्या लोकांना पत्रा हवा. बोट वाजवून पाहिलं आणि फायबरचा आवाज आला की गिऱ्हाईक परत.

याच्या बरोबर उलटं म्हणजे मद्रासची स्टँडर्ड २०००. १९८५. अंग रोव्हर एसडी१ चं, म्हणजे १९७७ ची युरोपियन कार ऑफ द इयर. आणि आत टाकलं काय, तर जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या काळातलं दोन लिटर इंजिन. वर आपल्या रस्त्यांसाठी गाडी उचलून उंच केली. तीनेक वर्षांत खेळ आटोपला. हिच्याकडे बघून अजून वाईट वाटतं. इथे किरकोळ भाग नाही, काळीजच जुनं घातलं होतं.

पंचगंगा_काठ

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची 'मीरा' राहिलीच की! १९४९ मध्ये पहिली छोटी गाडी तयार केली आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत एकेक मॉडेल सुधारत राहिले. स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन. सगळं स्वतःच्या हिमतीवर. उत्पादन कधी सुरू झालं नाही. या माणसाची कल्पना फसली असं म्हणता येणार नाही, कारण तिला रस्त्यावर सिद्ध व्हायची संधीच मिळाली नाही.

दुसरं, बादलच्या तीन चाकांवर कुणी हसू नये. आमच्या वडिलांकडे तीन चाकी टेम्पो होता, इंजिन नाकात, पुढचं एकच चाक ओढणारं. रिकामी गाडी ओल्या चढावर नेताना पुढचं चाक जागीच फिरायचं, कारण चढावर वजन मागे जातं. म्हणून वडील परतीच्या वाटेवर दोन पोती केबिनला टेकवून ठेवायचे. इंजिनाचं काम निघालं तर खाली झोपायला लागत नसे, नाक उघडलं की सगळं समोर. त्या टेम्पोवर आमची शिक्षणं झाली.

चाकण_पेंटशॉप

दादा, पोत्यांची युक्ती फार आवडली. शंकररावांबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

नॅनोचं कुणी नाव काढलं नाही म्हणून मी काढते. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत पहिल्यांदा दाखवली. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, चाकाला तीनच बोल्ट, एकच वायपर. यातली एकेक काटकसर विचार करून केलेली होती. काही गाड्यांनी पेट घेतला आणि २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून दिलं. पण माझ्या मते नॅनो आगीने गेली नाही. "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का बसला आणि ज्याने पहिली गाडी म्हणून घ्यायची त्यालाच ती दारात उभी करायची लाज वाटायला लागली. रतन टाटांनीही पुढे जाहीरपणे हेच म्हटलं होतं. अंगठाभर वायरिंगपेक्षा तो शिक्का महाग पडला.

नॅशव्हिलकर

चाकणताई, हे मान्य. उलटा_गिअर, एक प्रश्न. आमच्या म्युझियममध्ये मेसरश्मिटची तीन चाकी पाहिली, एकामागे एक बसायची. तिला रिव्हर्स गिअरच नाही म्हणे, तरी ती मागे जाते. कशी?

उलटा_गिअर

केआर २००. माझं नाव तिच्यावरूनच घेतलंय! विमानं बनवणाऱ्या कंपनीला युद्धानंतर विमानांची मनाई होती, तेव्हा फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरने आखलेली ही गाडी त्यांनी १९५५ मध्ये आणली. मागे १९१ सीसीचं झाक्स दोन-स्ट्रोक इंजिन. मागे जायचं असेल तर इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबायची आणि पुन्हा स्टार्ट करायचं. आता इंजिन उलटं फिरतं. साध्या दोन-स्ट्रोकला कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच वरखाली होताना भोकं उघडतो आणि मिटतो, त्यामुळे दिशा कुठलीही असली तरी त्याला चालतं. फक्त ठिणगी योग्य वेळी पडली पाहिजे, म्हणून उलट्या दिशेसाठी काँटॅक्ट पॉइंटचा दुसरा संच दिलेला असतो. आणि गिअरबॉक्स तोच असल्यामुळे मागे जायलाही चारही गिअर मिळतात.

भोसरी_टूलरूम

वा! दुसऱ्या संचाचं माहीत नव्हतं. त्या पॉइंटची गॅप पुढच्या संचाइतकीच ठेवतात की वेगळी? कुणी प्रत्यक्ष सेट केली असेल तर लिहा.